शरीराला साचा नाहीं

पेणच्या गणपतीच्या मूर्तींची ओळख महाराष्ट्रांत कोणास करून द्यावयास नको. पेण, हमरापूर, जोहे या बाजूच्या कारखान्यांत एका साच्यांतून शेंकडों मूर्ती निघतात. सोंड तीच, आसन तेंच, हातांतला मोदकही त्याच जागीं. निराळेपणा येतो तो मागाहून, रंगांत आणि डोळ्यांच्या आखणींत. शरीरशास्त्राच्या पुस्तकांतील चित्रें पाहणाराची समजूतही कांहींशी अशीच होते. चेहरा आणि वर्ण तेवढे निराळे; आंतली घडण मात्र सर्व माणसांची एकाच साच्यांतली. ही समजूत वैद्यकांतही दीर्घकाळ नांदली. ती कशी मोडली आणि तिच्या मोडण्यानें माणसाचे प्राण कसे वांचूं लागले, हें पाहावयाचें तर पोटांतल्या मोठ्या आतड्यास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांचा इतिहास पाहावा. विषय ऐकण्यास रुक्ष वाटेल; परंतु ज्या घरांत कोणा वडीलधाऱ्या माणसाच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्या घराशीं त्याचा अगदीं जवळचा संबंध आहे.

प्रथम पुस्तकांतला साचा कसा आहे तें पाहिलें पाहिजे. हृदयांतून निघालेलें शुद्ध रक्त ज्या नलिकांतून अवयवांकडे जातें त्यांस रोहिणी किंवा धमनी म्हणतात. त्यांत सर्वांत मोठी ती महारोहिणी. ती पाठीच्या कण्यास लागून पोटांत उतरते आणि वाटेंत पुढच्या अंगास तीन शाखा देते. पहिली जठर, यकृत व प्लीहा यांस पोसते. दुसरी, म्हणजे वरची आंत्ररोहिणी, लहान आतड्यास आणि मोठ्या आतड्याच्या पहिल्या अर्ध्याअधिक भागास रक्त देते. तिसरी, खालची आंत्ररोहिणी, उरलेल्या मोठ्या आतड्याची व गुदाशयाच्या वरच्या भागाची तरतूद करते. मोठें आतडें सुमारें दीड मीटर लांब असतें. तें उजव्या अंगानें वर चढतें, यकृताखालून आडवें डावीकडे जातें, प्लीहेजवळ वळतें आणि डाव्या अंगानें खालीं उतरतें. दाराच्या चौकटीसारखें तें लहान आतड्याभोंवतीं बसलेलें असतें.

पुस्तकी चित्राप्रमाणें वरच्या आंत्ररोहिणीच्या तीन शाखा या चौकटीकडे जातात: एक खालच्या उजव्या कोपऱ्यांतील उंडुकाकडे, एक उजव्या खांबाकडे आणि एक वरच्या आडव्या तुळईकडे. खालच्या आंत्ररोहिणीच्या शाखा डाव्या खांबाकडे आणि त्याखालच्या नागमोडी भागाकडे जातात. या सर्व शाखा आतड्याच्या कांठाशीं एकमेकींस मिळतात व त्यांची मिळून एक अखंड कांठवाहिनी बनते. चित्र सुबक आहे आणि विद्यार्थ्यास पाठ करण्यास सोपें आहे. दोष एवढाच, कीं पुष्कळांच्या पोटांत तें जसेंच्या तसें सांपडत नाहीं.

हें उमगण्यास इतका काळ कां लागला? प्रत्यक्ष पाहण्याची हौस प्राचीनांना नव्हती असें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत प्रेत कसें तपासावें याची रीत दिली आहे. प्रेत सर्व अवयवांनीं पूर्ण असावें. विषानें अथवा दीर्घ व्याधीनें मेलेल्याचें किंवा शंभरी गांठलेल्या वृद्धाचें नसावें. आतड्यांतील मळ काढून टाकावा. मग तें गवतांत गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत आडबाजूस ठेवावें. आणि सात दिवसांनीं चांगलें मऊ झाल्यावर वाळा, बांबू इत्यादींच्या कुंचल्यानें हळूहळू खरवडीत त्वचेपासून आंतल्या अवयवांपर्यंत सर्व कांहीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. पुरुषाचें आतडें साडेतीन व्याम आणि स्त्रीचें त्याहून अर्धा व्याम कमी, असें मापही त्या ग्रंथांत आहे. म्हणजे माणसामाणसांत मापाचा फरक असतो ही जाणीव त्या काळींही होती. परंतु सात दिवस पाण्यांत राहिलेल्या पोटांत दोऱ्याएवढ्या बारीक वाहिन्या शाबूत राहणें कठीण. त्या पाहावयाच्या तर प्रेत ताजें किंवा औषधांनीं टिकविलेलें हवें, रोहिण्यांत रंग भरण्याची युक्ति हवी, आणि प्रेत एक नव्हे, अनेक हवींत. या तीन गोष्टी एकत्र येण्यास पुष्कळ शतकें जावीं लागलीं.

युरोपांत वेसालियसचा सचित्र शारीरग्रंथ १५४३ सालीं निघाला. त्यानंतर दोन शतकांनीं, १७४३ ते १७५६ या काळांत, आल्ब्रेख्त फॉन हालर या स्विस पंडितानें रोहिण्यांचीं अत्यंत बारकाईचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. या दोघांच्या मधल्या काळांत पॅरिसला झाँ रिओलाँ (१५८० ते १६५७) नांवाचा मोठा मानी शारीरज्ञ होऊन गेला. इंग्लंडांत विल्यम हार्वेनें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हां त्याच्या प्रमुख विरोधकांत हा रिओलाँ होता. हार्वे सहसा वादांत पडत नसे. पण रिओलाँस त्यानें १६४९ सालीं लेखी उत्तर दिलें. पुढें पोटांतल्या दोन आंत्ररोहिण्यांना आडवाटेनें जोडणाऱ्या एका वाहिनीस 'रिओलाँची कमान' हें नांव पडलें. ज्यानें रक्ताचें अभिसरण नाकारलें त्याच्याच नांवानें रक्ताची एक पर्यायी वाट ओळखली जावी, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. शिवाय ती कमान म्हणजे नेमकी कोणती वाहिनी, याविषयीं शस्त्रवैद्यांत अद्यापि एकवाक्यता नाहीं.

तोंवर हा सारा विषय पंडितांचा होता. तो रोग्याच्या जिवाचा झाला तो पोट उघडणें शक्य झाल्यावर. १८४६ सालीं ईथरच्या गुंगीचा जाहीर प्रयोग झाला. १८६७ सालीं लिस्टरनें आपली जंतुनाशक पद्धति प्रसिद्ध केली. त्यानंतर मोठ्या आतड्यांतील कर्करोगाची गांठ काढण्याचें धाडस शस्त्रवैद्य करूं लागले. गांठ काढावयाची तर तिला रक्त देणारी रोहिणी बांधावी लागते. ती बांधली कीं मागें उरलेल्या आतड्याचें काय? दोन टोंकें शिवून जोडलीं आणि त्यांतल्या एकास रक्त पुरेनासें झालें, तर तें टोंक काळें पडतें, टांका सुटतो, आतड्यांतला मळ पोटांत पसरतो आणि टेबलावरून सुखरूप उठलेला रोगी कांहीं दिवसांनीं दगावतो. कोणती रोहिणी कोठें बांधली असतां चालतें, या प्रश्नावर आतां प्राण अवलंबून राहूं लागले.

१९०७ सालीं हँबुर्गच्या पाउल सुडेकनें एक धोक्याची जागा दाखविली. गुदाशयाच्या वर, नागमोडी आतड्याची शेवटची शाखा जेथें फुटते, त्याच्या खालीं मुख्य वाहिनी बांधल्यास पुढच्या भागास रक्त पोंचणार नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. पुष्कळ वर्षें शस्त्रवैद्य त्या जागेस भीत आले. पुढें मात्र ती भीति वाजवीपेक्षां जास्त होती असें अनुभवास आलें. १९१३ सालीं इंग्लंडांतील हॅमिल्टन ड्रमंडनें निराळी वाट धरली. त्यानें प्रेतांतल्या मोठ्या शाखा मुळाशीं बांधून टाकल्या आणि उरलेल्या एका वाहिनींतून द्रव भरला. तो द्रव कांठवाहिनीच्या वाटेनें थेट डाव्या अंगाच्या खालच्या आतड्यापर्यंत पोंचला. मोठे रस्ते बंद झाले तरी कांठची पाऊलवाट पुष्कळ वाहतूक सांभाळूं शकते, हें त्यावरून दिसलें. आजही त्या वाहिनीस ड्रमंडचें नांव आहे.

अशी आडवाट काय करूं शकते, हें समजण्यास पेणहून थोडें दक्षिणेस, रोह्याकडे वळावें. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका सह्याद्रींतून निघून रेवदंड्याच्या खाडीनें समुद्रास मिळते. कोंकणांतल्या पुष्कळ नद्या उन्हाळ्यांत आटतात. कुंडलिका मात्र वाहती असते. याचें कारण घाटाच्या पलीकडे आहे. मुळा नदीचें पाणी वास्तविक पूर्वेकडे जावयाचें. भीमेंत, भीमेंतून कृष्णेंत आणि शेवटीं बंगालच्या उपसागरांत. परंतु टाटांच्या कंपनीनें मुळशी येथें धरण बांधलें. ज्याच्याविरुद्ध सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं १९२१ पासून सत्याग्रह झाला, तेंच हें धरण. तेथें अडविलेलें पाणी घाट उतरून भिरा येथील वीजघरांत येतें आणि १९२७ सालीं सुरू झालेल्या त्या वीजघरांतून बाहेर पडून कुंडलिकेस मिळतें. दोन समुद्रांकडे जाणाऱ्या दोन खोऱ्यांमधला जलविभाजक अशा रीतीनें ओलांडला गेला आणि एका खोऱ्याचें पाणी दुसऱ्यास मिळूं लागलें. मे महिन्यांत रोह्याच्या पुलावर उभें राहणारास पाणी दिसतें. तें कोठून आलें हें दिसत नाहीं.

मोठ्या आतड्यांतही अशींच दोन खोरीं आहेत. एक वरच्या आंत्ररोहिणीचें, दुसरें खालच्या आंत्ररोहिणीचें; आणि प्लीहेजवळचें वळण हा त्यांचा जलविभाजक. उतारवयांत रोहिण्यांच्या भिंती कठीण होतात आणि खालच्या आंत्ररोहिणीचें मुख कित्येकांत सावकाश बुजतें. रोग्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं. कारण तेवढ्या अवधींत जोडवाहिनी रुंदावते आणि वरच्या खोऱ्याचें रक्त खालच्या खोऱ्यास आणून देते. अशा माणसाचें डाव्या बाजूचें आतडें निरोगी दिसतें, पण तें जगतें परक्या पाण्यावर. शस्त्रवैद्यानें हें न जाणतां ती वांकडीतिकडी जोडवाहिनी तोडली, तर भिऱ्याची वाट बंद केल्यावर उन्हाळ्यांत कुंडलिकेची जी गत होईल तीच त्या आतड्याची होते. याच्या उलटही घडतें. वरच्या रोहिणीचें मुख बुजलें तर त्याच वाहिनींतून रक्त उलट दिशेनें वाहतें व खालचें खोरें वरच्यास पोसतें.

पण ही जोडवाट प्रत्येकाच्या पोटांत सारखीच भक्कम असते काय? येथें साच्याची कल्पना खऱ्या अर्थानें मोडली. १९५६ सालीं इंग्लंडांत ग्रिफिथ्सनें प्लीहेजवळच्या वळणाकडे लक्ष वेधलें. तेथें कांठवाहिनी कांहींत चांगली जाड असते, कांहींत केसासारखी बारीक, आणि कांहींत ती तेथें तुटलेलीच असते. ज्याच्यांत ती तुटलेली आहे त्याचीं दोन खोरीं एकमेकांस मदत करूं शकत नाहींत. उजव्या बाजूची गोष्ट तर याहून नवलाची. १९३३ सालीं अमेरिकेंत स्टुअर्ड व रँकिन यांनीं आणि १९५८ सालीं शिकागोच्या सॉनलंड, अँसन व बीटन यांनीं या शाखांची पद्धतशीर मोजणी प्रसिद्ध केली; दुसऱ्या मोजणीसाठीं तब्बल ६०० नमुने तपासले गेले होते. त्यावरून असें दिसलें, कीं उंडुकाकडे जाणारी शाखा बहुतेक नेमानें सांपडते. मधली शाखा थोड्यांत नसते. आणि उजव्या खांबाकडे जाणारी म्हणून जी शाखा पुस्तकांत ठळक काढतात, ती कधीं मुख्य रोहिणींतून निघते, कधीं शेजारच्या शाखेंतून फुटते आणि कधीं मुळींच नसते. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ५६ प्रेतांपैकीं अवघ्या ६ प्रेतांत ती मुख्य रोहिणींतून स्वतंत्रपणें निघालेली आढळली. निरनिराळ्या मोजण्यांचे आंकडे एकमेकांशीं जुळत नाहींत. कारण कोणत्या वाहिनीस कोणतें नांव द्यावें यावरच तज्ज्ञांचें एकमत नाहीं. तथापि नियम म्हणून जें शिकविलें जात होतें तें पुष्कळदां अपवाद असतें, एवढें त्या सर्वांवरून निश्चित झालें.

या वैविध्याचें कारण गर्भावस्थेंत आहे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचें आतडें पोटांत मावेनासें होऊन नाळेंत उतरतें. दहाव्या आठवड्याच्या सुमारास तें परत पोटांत येतें. आणि या जाण्यायेण्यांत तें वरच्या आंत्ररोहिणीस आंस धरून २७० अंशांचा फेरा घेतें. त्या काळांत रक्तवाहिन्या ठराविक नळांसारख्या नसतात, त्यांचें जाळें असतें. त्यांतल्या ज्या वाटांनीं रक्त अधिक वाहतें त्या रुंदावतात, बाकीच्या बुजतात. कोणत्या राहतील व कोणत्या जातील हें प्रत्येक गर्भांत थोडें निराळें ठरतें. तेव्हां ज्यास पुस्तकांत विकृति म्हटलें जाई, ती बहुधा विकृति नसून घडण पुरी होण्याची एक दुसरी तऱ्हा असते.

हें ज्ञान केवळ कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपुरतें राहिलें नाहीं. १९५१ सालीं पॅरिसला शार्ल द्युबॉस्टनें महारोहिणीचा फुगलेला भाग काढून त्या जागीं दुसरी रोहिणी बसविली. या जातीच्या शस्त्रक्रियेंत खालची आंत्ररोहिणी पुष्कळदां बांधावी लागते; तेव्हां तिच्या खोऱ्यास दुसरीकडून पाणी आहे कीं नाहीं हें आधीं पाहणें प्राप्त झालें. १९६६ सालीं लंडनच्या एड्रियन मार्स्टननें व त्याच्या सहकाऱ्यांनीं, रक्त अपुरें पडल्यामुळें मोठ्या आतड्याचा जो दाह होतो त्यास स्वतंत्र नांव दिलें. वृद्ध माणसास एकाएकीं डाव्या कुशींत कळ यावी आणि शौचावाटे रक्त पडावें, अशीं त्याचीं लक्षणें असतात. घरांत ती रक्ती आंव समजली जाण्याचा संभव असतो. पुष्कळ रोगी यांतून बरे होतात, परंतु कांहींचें आतडें मरतें. म्हणून अशा वेळीं घरगुती उपायांत वेळ न घालवितां डॉक्टरांस दाखविणें शहाणपणाचें.

आतां एक प्रश्न उरतो, आणि तो या इतिहासाच्या मुळाशीं आहे. मोजणी करावयाची तर शेंकडों देह लागतात. ते कोणाचे होते? ब्रिटनमध्यें, स्कॉटलंडांत, १८२८ सालीं बर्क आणि हेअर या दोघांनीं शारीराच्या वर्गास प्रेतें विकण्यासाठीं खून पाडल्याचें उघडकीस आलें. त्यानंतर १८३२ सालीं तेथें कायदा झाला आणि रुग्णालयांत किंवा अनाथगृहांत मेलेल्या, ज्यांस नेण्यास कोणी आलें नाहीं अशा गरिबांचे देह विद्यार्थ्यांस मिळूं लागले. भारतांत १८३६ सालीं कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत पंडित मधुसूदन गुप्त यांनीं रूढीची भीड मोडून प्रेतच्छेदन केलें. मुंबईस १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें. तेथून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत डॉ. भाऊ दाजी लाड हे होते. सोंवळ्याओंवळ्याच्या त्या काळांत उच्चवर्णीय घरांतल्या मुलांनीं प्रेतास हात लावणें ही लहान गोष्ट नव्हती. पुढें १९२६ सालीं परळला शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज निघालें, १९४६ सालीं पुण्याचें बैरामजी जीजीभाई मेडिकल कॉलेज झालें, आणि प्रेतांची गरज वाढत गेली. १९४९ सालीं मुंबई सरकारनें 'बॉम्बे ॲनॅटॉमी ॲक्ट' हा कायदा केला. ज्याचा नातेवाईक मुदतींत पुढें येत नाहीं असा बेवारशी देह शिक्षणसंस्थेस देण्याची रीतसर व्यवस्था त्यानें लावून दिली.

बेवारशी हा शब्द सरकारी कागदांत सहज लिहिला जातो. त्याच्यामागें कोणी एक माणूस असतो. पोटासाठीं कोंकणांतून मुंबईस गेलेला आणि ज्याचा ठावठिकाणा गांवीं कोणास उरला नाहीं असा एखादा हमालही त्यांत असूं शकेल. त्यानें आपला देह दिला नव्हता. तो घेतला गेला. विद्या वाढली ती अशांच्या देहांवर, आणि तिचा लाभ झाला तो ज्यांचे नातेवाईक रुग्णालयाच्या दाराशीं उभे असतात त्यांना. हें ऋण शारीरशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच लिहिलें जातें. अलीकडे स्वेच्छेनें देहदान करणाऱ्यांची परंपरा महाराष्ट्रांत रुजली आहे. जो हयातींत स्वतःच्या सहीनें देह देतो त्याच्या दानांत संमति असते, आणि तेवढ्यानें त्या जुन्या व्यवहारांतला अन्याय थोडा हलका होतो.

शस्त्रवैद्याची साधनेंही आतां वाढलीं आहेत. क्ष-किरणांच्या संगणकी छायाचित्रांत रोग्याच्या आंत्ररोहिण्यांच्या शाखा पोट उघडण्यापूर्वींच पाहतां येतात. शस्त्रक्रिया चालू असतां शिरेंत हिरवें रंगद्रव्य टोंचून, विशेष प्रकाशांत आतड्याच्या टोंकास रक्त पोंचतें कीं नाहीं हेंही तपासतां येतें. परंतु त्या छायाचित्रांत काय शोधावयाचें हें ज्यास ठाऊक आहे त्यासच तें दिसतें. आणि तें ठाऊक होतें शवागारांतल्या टेबलापाशीं. जो जिल्हा पूर्वीं कुलाबा होता आणि १९८१ पासून रायगड झाला, त्यांतील माणसास हें शिकण्यासाठीं एके काळीं मुंबई किंवा पुणें गांठावें लागे. १९८९ सालीं पनवेल तालुक्यांत कामोठें येथें महात्मा गांधी मिशनचें वैद्यकीय महाविद्यालय निघालें आणि २०२१ सालीं अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालें. तेथल्या एखाद्या विद्यार्थ्यास पुस्तकांतली उजवी शाखा समोरच्या देहांत सांपडत नाहीं, तेव्हां त्याची चूक झालेली नसते आणि त्या देहांतही कांहीं उणें नसतें. विद्यार्थी तेवढी नोंद करून ठेवतो. पुढें कधीं पेणच्या किंवा रोह्याच्या एखाद्या घरांतला माणूस शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरांत उठून पानावर बसतो, तेव्हां त्याच्या तोंडच्या घांसांत अशा नोंदींमागच्या निनांवी देहांचाही वांटा असतो.